गुरुवारचे बोंबील

नव्वदीच्या सुरुवातीला मानपाड्याच्या एमआयडीसीत, रंगाच्या एका कारखान्यात मी प्रोग्रामर म्हणून लागले. प्रोबेशन संपत आलेलं, आणि मला कायम करायचं की घरी पाठवायचं हे हेड अकाउंटंट साहेबांच्या हातात होतं. हे गृहस्थ कम्प्युटरला 'तो टीव्ही' म्हणत. पहिलं काम त्यांनी दिलं ते कॅन्टीनचं. लोकांनी आठवड्याच्या जेवणाच्या चिठ्ठ्या भरायच्या आणि मी विभागवार, वारवार ताटांची बेरीज छापून द्यायची. बुधवारी मासे, आणि कागदावर पदार्थाचं नावही छापायचं.

विभागांना नंबर होते, वारांनाही होते. दोन्ही मिळून गट पाडायचे, म्हणून मी मोठ्या ऐटीत दोन्हींच्या मध्ये अधिकचं चिन्ह ठोकलं. आता अकाउंट्स एक, गुरुवार चार, झाले पाच. प्लांट दोन, बुधवार तीन, तेही पाचच. कम्प्युटरने बिनबोभाट, माशांसकट, दोघांची मोट बांधली आणि वर पाटी लावली पहिल्याची: अकाउंट्स, गुरुवार.

माझा कागद बुधवारपासून लागू झाला आणि त्याच दिवशी प्लांटला ताटंच गेली नाहीत. बिचाऱ्यांनी वडापाववर भागवलं आणि माझ्या नावानं बोटं मोडली.

गुरुवारी साहेबांचा उपास. ते साबुदाण्याचा डबा उघडताहेत तोच कॅन्टीन चालवणाऱ्या, गावातल्याच मावशी बोंबलाच्या कालवणाचं भलंमोठं पातेलं घेऊन दारात उभ्या.

"अहो, हे काय?"

"जल्ला, कागदाव लिवलंय अकाउंटला द्या, मी आनला!"

मागोमाग वासावर अख्खा प्लांट आला आणि अकाउंट्सच्या टेबलांवर ताटं मांडून बसला.

नोकरी गेली हे नक्की, आणि तरी मेलं हसू आवरेना. साहेबांनी नाकाला रुमाल लावून माझा कागद मागवला, पेन्सिलीने खालपर्यंत बेरीज केली, चिठ्ठ्यांशी ताडून पाहिली. एका ताटाचाही फरक नव्हता.

"एकूण जुळतंय," ते म्हणाले. एकूण जुळलं की अकाउंटंटला देव भेटतो. "वाटप तेवढं चुकलंय. कसं चुकलं?"

मी सांगितलं: अशा बेरजेत दुसऱ्यांचं बरंचसं अकाउंट्सच्या नावावर येऊन पडतं. त्यांनी मान डोलावली आणि मला कायम केल्याच्या पत्रावर तिथेच सही ठोकली.

पुढचं काम सगळ्यांच्या शिल्लक रजा मोजायचं होतं. संध्याकाळी साहेब माझ्या टेबलापाशी आले, इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच म्हणाले, "अगं, ते रजांचं... कॅन्टीनच्याच पद्धतीनं केलंस तरी एकूण जुळेलच ना?"