झाडू गाडीचा ड्रायव्हर

सांगत नव्हतो. पण या सायकलवाल्या पोरापोरींनी डोकं खाल्लं. "काका, ते सांगा ना! काका, हे सांगा ना!" मी काय रेडिओ आहे? चौथीपर्यंत शिकलेला माणूस मी, साकोलीत टेम्पो चालवतो. पण कॉलेजच्या सायकल टीमसोबत फिरायला लागलं की किस्से कुसळासारखे अंगाला चिकटतात. झटकले तरी चार-दोन राहतातच. तेवढे सांगतो, मग मला चहा पिऊ द्या.

* * *

हटवार सर आमच्या कॉलेजचे खेळाचे मास्तर. पहिल्या वर्षी युनिव्हर्सिटीच्या स्पर्धेला सायकली न्यायला त्यांनी माझा टेम्पो सांगितला. सायकली घासू नयेत म्हणून मी खाली धानाची तनीस, म्हणजे पेंढा, अंथरली. नागपूरला उतरलो, तर बाकीच्यांच्या सायकली चेनवाल्या बॅगांत! आमच्या तनसीत. तिथल्या एका गाईनं तर टेम्पोत तोंडच घातलं.

एक शहरी पोरगा हसला, "काका, सायकली आणल्या का बैल?"

"बैल आणले असते तं तुले बी बैलबंडीत घालून घरी सोडलं असतं!"

संध्याकाळी तोच आला. त्याची महागाची सायकल बॅगेतच घासली होती. हळूच म्हणतो, "काका, थोडी तनीस भेटेल का?"

दिली. गाईनं ठेवली होती तेवढी!

* * *

आता प्रणाली. दिघोरीची पोरगी, आमच्या टीममधली सगळ्यात चिवट. कॉलेजाकॉलेजांच्या स्पर्धेत जे पुढं येतात, त्यांच्यातून युनिव्हर्सिटीची टीम निवडतात. नाव आलं की युनिव्हर्सिटीचा कोट मिळतो, बाहेरच्या राज्यात खेळायला मिळतं, मार्कही वाढतात. हे सगळं सरांनी तिच्या बापासमोर बसून सांगितलं. बाप सुखदेव कापगते, धानाचा कास्तकार. बोलणं कमी, त्यातलं अर्धं वाकडं.

"पोरगी हाफचड्डीवर रस्त्यानं फिरते. गाव मले इचारते."

सर म्हणाले, "यंदा टीममध्ये नाव येईल, कापगतेजी."

"आलं तं ठीक. नाही आलं तं सायकल कॉलेजात वापस, अन् पोरगी घरी."

बाहेर आलो. मला वाटलं, ही आता रडते. तर मलाच म्हणते, "काका, उद्या किती वाजता निघाचं?"

* * *

वेगाची सवय व्हावी म्हणून टेम्पोच्या मागं चिकटून सायकल चालवायची असते. टेम्पो वारा कापतो, मागचा सुसाट येतो. मी पुढं, प्रणाली फाळक्याला चिकटून मागं. एका गावाच्या स्टँडवर माणसंच आडवी आली. "थांबव! थांबव!"

एका म्हातारीनं खिडकीतून माझी कॉलर धरली. "काहून रे, लाज नाही वाटत? पोरगी कवाची मागं धावून राहिली, अन् तू गाडी पळवून राहिला!"

मी तोंड उघडेपर्यंत लोकांनी सायकल टेम्पोत टाकली, प्रणालीला माझ्या बाजूला बसवलं. म्हातारीनं तिच्या ओटीत मुरमुरे ओतले. "बस माय. अन् याले भाडं देऊ नको!"

गाव मागं पडल्यावर सायकल पुन्हा उतरवली. प्रणाली मुरमुरे खात म्हणाली, "काका, वापस दुसऱ्या रस्त्यानं जाऊ. म्हातारी उभी असन."

* * *

त्या वर्षी स्पर्धा आपल्याच भागात. पहिल्या दिवशी टाइम ट्रायल. एकेकाला सोडतात, शर्यत घड्याळाशी. पाय आधीच पेडलात अडकवलेले, म्हणून मागून एक साहेब सीट धरून सायकल उभी ठेवतो. शिट्टी झाली की सोडतो.

आंधळगावचा आमचा बंटी पहिल्यांदाच उभा राहिला. मागून सीट धरली तसा त्याचा चेहरा उतरला. मान वळवून दोन्ही हात जोडले, "साहेब, माफ करा, काय चुकलं माझं?"

तेवढ्यात शिट्टी झाली. साहेबानं सीट सोडली. बंटी हात जोडलेलाच आडवा!

आम्ही पोट धरून हसलो. प्रणाली हसली नाही. तिलाही वेळ जास्त लागला होता. आता उरली फक्त दुसऱ्या दिवशीची रोड रेस.

* * *

खरं सांगू? घरी मी आणि बायको, आमचं बोलायचं कधीच संपलं. या पोरांनी मला पहाटे उठायला कारण दिलं. उपकार आहेत त्यांचे. पण त्यांना सांगू नका, डोक्यावर बसतील!

* * *

रोड रेसला माझा टेम्पो झाडू गाडी. सगळ्यांच्या मागं चालायचं, आणि जो फार मागं पडला त्याला ओलांडायचं. ओलांडलं की त्याची रेस संपली, नंबर उतरवून त्याला गाडीत घ्यायचं. रेसचा रस्ता दिघोरीवरूनच जाणारा. सकाळी तिथल्या चौकात लोकांनी विचारलं, तेव्हा मीच हे समजावून सांगितलं. सुखदेवही तिथं होता. ऐकलं, बिडी पेटवली आणि शेताकडं निघून गेला.

दिघोरीच्या अलीकडं प्रणालीची चेन उतरली. बसवेपर्यंत पोरींचं टोळकं पुढं गेलं. ती एकटी, समोरून वारा, मागं मी. बाजूला बसलेले युनिव्हर्सिटीचे साहेब म्हणाले, "ड्रायव्हर, पुढं काढा."

"थोडं पाहू ना, साहेब."

"नियम म्हणजे नियम. काढा!"

गिअर टाकला. टेम्पोचं तोंड तिच्या मागच्या चाकाला भिडत आलं. तिनं वळूनही पाहिलं नाही. मान खाली घालून ती पुढं गेली, आणि तिच्या मागून धानाच्या भाऱ्यांनी भरलेली बंडी बाजूच्या शेताच्या बांधीतून थेट रस्त्यावर चढली. आडवी. वर सुखदेव!

मी कचकन ब्रेक मारला. हॉर्न दाबला. "सुखदेवभाऊ, बंडी काढा!"

"बैल बिचकले ना तुह्या हॉर्ननं! गाडी चालवाले शिकला का रेडे हाकाले?"

बिचकलेले बैल रवंथ करत उभे.

साहेब खाली उतरले. "अहो, रेस चालू आहे!"

"मले कायले सांगता? बैलाले सांगा!"

मग त्यानं मला म्हातारा म्हटलं, आंधळा म्हटलं, माझ्या बापाचाही उद्धार केला. लोक जमले. होमगार्ड धावत आला. बैल जागचे हलेनात. पुढच्या वळणावर प्रणाली दिसेनाशी झाली, मग हलले.

तोवर तिनं पोरींचं टोळकं गाठलं होतं. दुपारी टीमची नावं वाचली. सगळ्यात शेवटचं प्रणालीचं!

आता तो कोट त्यांच्या घरी खुंटीला असतो. आल्यागेल्याला बाप दाखवतो. मीही जातो, चहा चांगला पाजतात. पण चारचौघांत मला जे जे बोलला, त्याची माफी अजून मागितलेली नाही, सुखदेव कापगतेनं!