घुणाचा तिसरा अर्थ

पलंगाच्या पायाखाली लाकडाचा पिवळसर भुसा दिसला आणि कोथरूडमधला संस्कृतचा वर्ग आठवला. सरांनी ‘घुण’ म्हणजे काय विचारलं. “लाकूड पोखरणारा किडा,” मी नेहमीप्रमाणे सर्वांआधी सांगितलं. तेवढ्यात नवी आलेली बंगाली मुलगी अडखळत म्हणाली, “सर, हिंदीत धान्यातला किडा. आणि आमच्याकडे ‘घुणाक्षरेओ जानि ना’ म्हणजे मला जरासुद्धा कल्पना नाही.” सरांनी खडू खाली ठेवला. “अरे वा, हे मलाही ठाऊक नव्हतं!” तीन वर्षांत असं ते मला कधी म्हणाले नव्हते. “किडा लाकूड कुरतडतो तेव्हा चुकून एखादं अक्षर उमटतं, तसंच हिचं हे उत्तर,” मी बोलून गेले. वर्ग हसला, तिचा चेहरा उतरला. आता मीच हा शब्द शिकवते. बंगाली अर्थ सांगितला की मुलं खूश होतात; तो कुणाकडून कळला, हे मात्र मी अजून सांगितलेलं नाही.