बिनमुळाचे टेकोडे

त्या शनिवारी सांजच्याला माझी बायको अन् मी ओट्यावर बसून टेकोडे साफ केले. पावसाळ्यात वारुळावर उगवते ती पांढरी छत्री म्हणजे टेकोडा. मी माती झटकत होतो, ती ओल्या फडक्यानं पुसत होती.

गावात टेकोडे ओळखावे तर तिनंच. बाकीचे छत्रीचा रंग पाहत, ती मूळ पाहे. खऱ्या टेकोड्याचं मूळ हातभर खोल वारुळात जाते, म्हणून ती खुरप्यानं खणून काढे. शेजारच्या बाया आपली टोपली आधी तिले दाखवत, मंग चूल पेटवत.

यंदा तिचे गुडघे धरले होते. रानात मी एकटाच गेलो. वारुळावरचे कोणीतरी आधीच खुडून नेले होते. नाल्याच्या काठी सागाखाली तसेच पांढरे दिसले. रिकाम्या हातानं घरी कायले जावं, म्हणून वरच्यावर तोडून आणले.

तिनं एक उलटून पाहिला. "मुळं कुठी हायेत?"

"मातीत तुटली."

"खुरपं काय पाठ खाजवाले देलं होतं? वारुळावरचेच हायेत ना?"

"वारुळावरचेच," मी म्हणालो.

मंग तिनं ते चिरून भाजी टाकली. माझा शनिवारचा उपास होता, मी भगर खाल्ली. तिनं भाकरीसंग सारी भाजी संपवली, चुलीवरच्या गंजातली उरलेलीही पुसून खाल्ली.

पहाटे उलट्या सुरू झाल्या. तिसऱ्या दिवशी थांबल्या. तिनं उठून चहा मांडला, मले वाटलं सुटलो. मंग डोळे पिवळे पडले. कारंज्याच्या दवाखान्यातून पुढं पाठवलं. पाचव्या दिवशी ती गेली.

जाळून आल्यावर ओट्यावर बसलेले लोक म्हणत होते, म्हातारीले दिसत नव्हतं, ओळखाले चुकली. बाहेरगावावरून आलेला आमचा पोरगाही तेच म्हणाला. मी खाली मुंडी घालून ऐकत राह्यलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी कोणाले न सांगता खुरपं घेऊन नाल्यावर गेलो. सागाखाली नवीन एक निघाला होता. खणलं. चार बोटं खाली दांडा संपला. मूळ नव्हतंच. फुटक्या अंड्याच्या टरफलासारखी पांढरी वाटी होती. तसाच मातीसकट दुपट्ट्यात बांधून आणला. ओट्यावर लोक चहा पिऊन राह्यले होते. त्यांच्या मधात, पोरासमोर ठेवला.

"हे म्या आणले होते," मी म्हणालो. "तिनं मूळ इचारलं होतं."