सावलीची ड्युटी

पोलीस ठाण्यात रोजच्या ड्युट्या मी लावतो. एक हवालदार रोज सकाळी यायचा, यादीतल्या आपल्या नावावर बोट ठेवायचा. "आजबी टँकरच?" दुष्काळात पाण्याच्या टँकरवर दिवसभर ऊन आणि लोकांच्या शिव्या. सहकारी कारखान्याच्या गेटवर मात्र सावली, पंखा.

एकदा हजेरीला तो सगळ्यांसमोर म्हणाला, "साहेब, सावली समद्यांना फिरवून द्या की. रोज तीच माणसं का म्हून?"

साहेबांनी माझ्याकडं पाहिलं. "यादी नियमानंच लागते," मी खोटं बोललो.

तेव्हापासून बोट थांबलं. तारवटलेल्या डोळ्यांनी सही करायचा अन् गुमान जायचा. मला त्याचीच धास्ती बसली. परवा न मागता त्याला कारखाना दिला. यादीकडं न बघताच त्यानं विचारलं, "मग टँकरवर माझ्या जागी कोण?"

मी यादीतल्या टँकरपुढच्या नावावर पालथा हात ठेवला.