पहिल्या बैठकीला मालक येत नाहीत

साडेसहा वाजले होते. सातला बातमीपत्र आणि माझ्याकडं चौदा प्लेटा तयार होत्या. प्लेट म्हणजे बोलणाऱ्याचं नाव आणि हुद्दा दाखवणारी, स्क्रीनच्या खालची पट्टी. दोन्ही देशांचे प्रमुख, परराष्ट्रमंत्री, सेनापती, सचिव, सगळ्यांच्या करून ठेवल्या होत्या. यातलं नेमकं कोण येणार, ते मात्र माहीत नव्हतं.

दोन देशांचं भांडण मिटवायला तिसऱ्या देशातल्या एका हॉटेलात बैठक ठरली होती. कुणाकडून कोण बसणार, ते दोघांनीही जाहीर केलं नव्हतं. त्यामुळं मोठी चॅनेलं आठवडाभर कोण येणार याचेच अंदाज सांगत होती. आमचं धाराशिवच्या केबलवरचं लहान चॅनेल. मी तिथली आउटपुट एडिटर. म्हणजे स्क्रीनवर काय दिसेल ते ठरवणारी आणि चुकलं की बोलणी खाणारी.

आम्हाला त्या बैठकीशी काय घेणं? घेणं होतं. आमचे मालक आण्णा यांनी आदल्याच आठवड्यात मला केबिनमध्ये बोलावलं होतं.

"मॅडम, सातचं बातमीपत्र कुणी बघत नाही. आपल्या वाशी तालुक्यातून एक फोन येत नाही. महिनाअखेरपर्यंत बघतो. नाहीतर त्या वेळेला भजन लावतो."

"वाशीत दिसतच नाही, आण्णा. रोज पावणेसातला वायर तुटते."

"तुटत नाही. तोडतात."

तोडणारा कोण, ते सगळ्या जिल्ह्याला ठाऊक होतं. आण्णांचा चुलतभाऊ. त्याचंही केबल, त्याचंही चॅनेल. दोघांच्या वायरी एकाच खांबांवरून जातात. कुणाची वायर वर आणि कुणाची खाली, यावरून बोलणं बंद झालं, त्याला बरीच वर्षं झाली. पण आण्णांच्या मते उपाय वायरीत नव्हता, विषयात होता. "जगाचं काहीतरी दाखवा," म्हणाले. बातमीपत्र बंद म्हणजे मी, अँकर आणि कॅमेरामन, तिघं घरी. म्हणून जगाचं दाखवायचं ठरलं.

पुण्याचे एक अभ्यासक फोनो देणार होते. फोनो म्हणजे माणूस फोनवर बोलतो आणि आम्ही त्याचा फोटो दाखवतो. सहा पस्तीसला त्यांचा मेसेज आला. मोठ्या चॅनेलनं बोलावलंय, क्षमस्व.

मी बाहेर आले. बाहेरच्या खोलीत ईट गावचे नाना चहा पीत बसले होते. वय सत्तरीच्या पुढं. गावातल्या बांधांची भांडणं मिटवण्यात त्यांची हयात गेली. त्याच विषयावर त्यांची मुलाखत घेतली होती आणि एसटीला वेळ होता म्हणून ते थांबले होते. समोरच्या टीव्हीवर आठ चौकटींत आठ तज्ज्ञ एकदम ओरडत होते.

"ताई, ह्यातलं कुणी कधी बैठकीला बसलंय का?" नानांनी विचारलं.

"बसले नसावेत. तुम्हाला काय वाटतं नाना, कोण येईल?"

"कोण येणार न्हाय ते आधी सांगतो. मालक येणार न्हाईत."

"का?"

"मालक बोलला की शब्द झाला. मागं घेता येत न्हाय. पहिल्या बैठकीला जावई धाडायचा. जावई मानाचा, त्याला कुणी शिव्या देत न्हाय. आन घरचा असून घरचा न्हाय. उद्या बिनसलं तर म्हनायचं, पाव्हणं बोललं, आमी कुठं बोललो?"

"मग दोन्हीकडून जावईच?"

"न्हाय. एकाचा जावई, एकाचा वकील. ज्याची चूक जास्ती, त्यो वकील आणतो."

"आणि ज्या देशात बैठक आहे, ते?"

"त्यो वसरीवाला. ज्याच्या घरच्या वसरीवर बैठक बसायची त्यो. लई झ्याक कापडं घालून येतो, समद्यांला च्या पाजतो आन फोटोत मधी उभारतो. त्याला निकालाचं काय न्हाय. बैठक आपल्याकडं झाली, एवढंच त्याला गावभर सांगायचं आसतं."

मी घड्याळ बघितलं. नानांना स्टुडिओत नेलं आणि कॉलरला माइक लावला.

आण्णा धावत आले. "मॅडम, ईटचा माणूस जगाचं काय सांगणार?"

"पुण्याचा माणूस तरी कुठं कधी बैठकीला बसलाय?"

"प्लेटवर काय लिहिलंय?"

"शेतकरी, ईट."

"शेतकरी कसं चालंल? आंतरराष्ट्रीय संबंधांचे अभ्यासक लिहा."

मालकांनी सांगितलं, मी लिहिलं. नानांनी समोरच्या मॉनिटरवर ते वाचलं आणि म्हणाले, "लेक कर्नाटकात दिलीया. तेवढाच आपला संबंध."

नाना बारा मिनिटं बोलले. एकदाही ओरडले नाहीत. अँकरला मध्ये काही विचारायचं सुचलं नाही. वाशीत अर्थातच काही दिसलं नाही. पण मी तो तुकडा यूट्यूबवर टाकून ठेवला.

तीन दिवसांनी बैठक झाली. एका देशाकडून प्रमुखाचा जावई आला. त्याच्याकडं कसलंच पद नव्हतं, त्यामुळं मोठी चॅनेलं त्याच्या प्लेटवर काय लिहावं म्हणून अडली. दुसऱ्या देशाकडून त्यांच्या सरकारचे कायदा सल्लागार आले, बगलेत तीन फायली. यजमान देशाचे मंत्री नवाकोरा सूट घालून फोटोत मधोमध उभे होते. माझ्या चौदा प्लेटांतली एकही कामाला आली नाही.

आमचा तुकडा मोबाईलवरून जिल्हाभर फिरला. लोकांनी नानांना गाठून गाठून विचारलं. आण्णांनी त्यांना रोज सातला यायला सांगितलं. नाना म्हणाले, "रोज काय बोलू? ज्वारी काढायला आलीया." विषय संपला.

आण्णा मात्र खूष होते. दोन दिवस. तिसऱ्या दिवशी आमची वायर एका ठिकाणी नाही, वाशीपर्यंत सहा ठिकाणी तुटली. चार दिवस तिकडं पडदा काळा. महिनाअखेर आठवड्यावर आली होती. मी सरळ केबिनमध्ये गेले.

"आण्णा, नाना काय बोलतात याच्यावर बातमीपत्र टिकणार नाही. वायरीवर टिकेल. भावाशी एकदा बसा."

आण्णांनी उठून केबिनचं दार लावून घेतलं. "निरोप आलाय. उद्या अकराला, जळकोटला, हायवेवरच्या हॉटेलात. तुम्ही जा."

"मी? तुम्ही?"

"माझं बीपी."

"मी काय बोलू?"

"तुम्हाला योग्य वाटेल ते बोला. फक्त माझं नाव घेऊन काही कबूल करू नका."

केबिनमधून बाहेर येईपर्यंत माझ्या लक्षात आलं. आण्णांना तिन्ही मुलगेच. या बैठकीपुरता त्यांचा जावई मी होते.

समोरून कोण येणार, हे आधी कळलेलं बरं. मी नानांना फोन लावला.

"चूक कुणाची जास्ती?" त्यांनी विचारलं.

"त्यांची. वायर तेच तोडतात."

"मग वकील येतोय. च्या पाजा आन आधी त्याला बोलू द्या."

जळकोटच्या हॉटेलात वकीलच बसले होते. साधारण माझ्याच वयाचे, तुळजापूरला प्रॅक्टिस करणारे. पुढ्यात फाईल. मी नमस्कार केला, चहा सांगितला आणि गप्प बसले. त्यांनी फाईल उघडून माझ्याकडं फिरवली. आत फोटो होते. शिडी, खांब आणि खांबावर चढलेला माणूस, हातात पक्कड. प्रत्येक फोटोखाली ठिकाण आणि वेळ. सगळ्या वेळा साडेसात वाजताच्या. साडेसातला त्यांचं बातमीपत्र असतं.

खांबावरचा माणूस आमचा लाईनमन होता.

"हे रोजचं आहे, मॅडम," वकील म्हणाले. "तुम्हाला माहीत नव्हतं?"

"नव्हतं."

"बरं. मग तुमच्याकडून तुम्हाला का पाठवलं ते कळलं."

मला राग आला. पण राग घेऊन परत जाण्यासाठी मी जळकोटला गेले नव्हते. मी विचारलं, "आमची वायर पावणेसातला कोण तोडतं, त्याचे फोटो आहेत का तुमच्या फाईलीत?"

"नाहीत. ते तुम्ही काढायचे होते."

दोघंही हसलो. पुढचं सोपं गेलं. साडेसहा ते आठ कुणाचाही माणूस खांबावर चढणार नाही. दुरुस्ती असेल तर दुपारी. वर कुणाची वायर आणि खाली कुणाची, हा विषय काढायचाच नाही. वकिलांनी हे कोऱ्या कागदावर लिहिलं. सही करायचा अधिकार त्यांना नव्हता, मलाही नव्हता. म्हणून कागदावर नावं घातली नाहीत. दोघांनी आपापल्या मोबाईलमध्ये फोटो काढला. हॉटेलवाल्यानं आपणहून येऊन आमच्यासोबत सेल्फी घेतला. मधी तोच उभा राहिला.

आण्णांनी फोटोतला कागद वाचला. "मी काही कबूल केलेलं नाही," म्हणाले.

"नाही केलंत. मी केलंय."

"तुम्हाला अधिकार नव्हता."

"नव्हता."

तिकडं चुलतभाऊही वकिलांना हेच म्हणाले, असं नंतर कळलं. पण त्या संध्याकाळी साडेसहाला आमची शिडी ऑफिसच्या भिंतीला टेकलेली होती आणि आठपर्यंत ती तिथून हलली नाही. सव्वासातला वाशीहून फोन आला. एक बाई होत्या. आमच्या अँकरच्या टायचा रंग आवडला नाही म्हणाल्या. मी त्यांचे आभार मानले. भजन आजवर लागलेलं नाही.

नानांना सगळं सांगितलं. त्यांचा नियम चुकला होता, हेही सांगितलं. चूक दोघांची सारखी होती, तरी वकील एकीकडूनच आला.

"चुकला न्हाय," नाना म्हणाले. "चूक दोघांची सारखी आसली तर ज्याच्याकडं फोटो हाईत, त्यो वकील आणतो. दुसरा बाईमाणूस धाडतो."

त्या दोन देशांचं अजून मिटलेलं नाही. दुसरी बैठक ठरते आहे आणि चॅनेलांवर पुन्हा आठ चौकटी सुरू झाल्या आहेत. मी आता कोण मोठं आहे, कुणाला अधिकार आहे, ते बघत नाही. नंतर कुणाला 'हा आमचा नव्हेच' म्हणता येईल, एवढंच बघते. अंदाज बऱ्यापैकी जमतो.

परवा आण्णा माझ्या टेबलापाशी आले. "मॅडम, नळदुर्गकडच्या खांबांचा विषय निघालाय. गुरुवारी मोकळ्या आहात?"

मी प्लेट करून ठेवली आहे. वरच्या ओळीत माझं नाव. हुद्द्याची ओळ कोरी.