यमुनाकाकूंची बाशिंगं

चमकी टाकताना यमुनाकाकू श्वास रोखून धरत. त्यामुळे त्यांचं बोलणं दोन तुकड्यांत यायचं. "बाई, तुमच्या शाळेतला तो शिपाई आज..." एवढं म्हणून त्या थांबत. डब्यातली चिमूटभर चमकी ओल्या डिंकावर सोडत, पुठ्ठा तिरपा करून जादाची खालच्या वर्तमानपत्रावर झटकत, मग मान वळवून श्वास सोडत आणि पुढचं सांगत, "...खोकी देऊन गेला. पुठ्ठा बरा आहे." समोर बसणाऱ्याने मधे बोलायचं नाही, असा त्या घराचा नियम होता. बोललं की हसू यायचं, हसू आलं की फुंकर जायची आणि चमकी उडून सगळ्या घरभर व्हायची. तशीही ती घरभर होतीच. माझ्या डब्यातल्या भातात सापडायची, मुलांच्या तपासलेल्या वह्यांवर सापडायची.

नव्वदनंतरची ती वर्षं. मी शिक्षिका म्हणून जव्हारला आले आणि एस.टी. डेपोच्या मागच्या बाजूला त्यांच्या घराची पुढची खोली भाड्याने घेतली. घरात काकू आणि त्यांची बारा वर्षांची मुलगी वंदना, अशी दोघंच. वंदनाचे वडील त्याच्या दोन वर्षं आधी भिवंडीला यंत्रमागावर कामाला गेले होते. पहिलं वर्षभर त्यांची पत्रं येत होती. मग ती थांबली. काकूंचा भाऊ दोनदा जाऊन शोधून आला. ज्या खोलीवर ते राहत तिथे आता दुसरीच माणसं होती आणि त्यांना काही माहीत नव्हतं. कुणी चौकशी केली की काकू एवढंच म्हणत, "भिवंडीला असतात." 'असतात' या शब्दावर त्या किंचित जोर देत, आणि विचारणारा पुढे काही विचारत नसे.

काकूंचं घर बाशिंगांवर चालत होतं. माघापासून ज्येष्ठापर्यंत मधल्या खोलीत पाय ठेवायला जागा नसे. पुठ्ठा कापायचा, त्यावर खळीने गुलाबी कागद चिकटवायचा, बेगडीची नक्षी लावायची, मधोमध रंगाने चंद्रसूर्य आणि दोन्ही अंगांना राघू काढायचे, त्यांच्या पंखांना डिंक लावून चमकी टाकायची आणि शेवटी लोकरीचे गोंडे शिवायचे. राघूचा डोळा त्या सगळ्यांत शेवटी काढत, आणि तो काढल्यावर त्या बाशिंगाला पुन्हा हात लावत नसत. मोखाड्याच्या बाजारादिवशी सूर्यमाळकडची माणसं जीपने जव्हारपर्यंत येत आणि दारातच उकिडवी बसत. एकदा एक म्हातारा तयार बाशिंग उन्हात फिरवून बघत म्हणाला, "काकी, चमकी आजून टाक. मांडवात लांबून दिसली पाह्यजे."

"दिसेल हो. उन्हात डोळे दिपतील तुमच्या व्याह्याचे."

"त्याचं दिपले पाह्यजेत. लई तोऱ्यात हाय तो."

माझ्यावरही त्यांचा एक विनोद ठरलेला होता. मी तेव्हा बत्तीस वर्षांची होते, लग्न झालेलं नव्हतं आणि व्हायची लक्षणंही नव्हती. "बाई, तुमचं बाशिंग मी कधीचं करून माळ्यावर ठेवलंय. वाळवीच्या आधी कुणीतरी येऊ दे म्हणजे झालं." मी पुस्तकातून डोकं वर काढत नसे. मला या विनोदाचा राग येत नसे, कारण तो करताना त्यांच्या चेहऱ्यावर जे थोडंसं हसू यायचं ते एरवी क्वचित दिसे.

या धंद्यातली खरी अडचण मला उशिरा कळली. आमच्या भागात बाशिंगाला हात सवाष्णीचा किंवा कुमारिकेचा लागतो. विधवेच्या हातचं बाशिंग कुणी कपाळाला बांधत नाही. काकू सवाष्ण होत्या की नव्हत्या, हे गावाला ठाऊक नव्हतं, आणि काकूंनाही. कपाळावर कुंकू होतं, गळ्यात काळी पोत होती, तेवढ्यावर लोक चालवून घेत. पण दर हंगामाला एखादं गिऱ्हाईक दुसरीकडे वळे आणि काकू दिवसभर गप्प राहत. जितकी बाशिंगं घरातून जात, तितक्यांदा गावाने त्यांचा नवरा जिवंत असल्याचं मान्य केलेलं असे. मोबदल्यापेक्षा त्या या गोष्टीसाठी राबत होत्या, असं मला पुढे वाटू लागलं.

मी तिथे राहायला आल्याला तीन वर्षं झाली होती तेव्हा ते पत्र आलं. चैत्रातली दुपार होती. वंदना शाळेत होती, माझी शाळा सकाळची असल्याने मी घरी होते. काकूंचे हात कोपरापर्यंत खळीने माखलेले होते. पोस्टमनने माझ्याकडे पाकीट दिलं. आत वहीचा एक कागद होता, घाईच्या अक्षरातलं हिंदी.

"हिंदी आहे," मी म्हटलं.

"मग तुम्हीच वाचा. मला छापील असलं तर लागतं."

मी मनातल्या मनात वाचायला लागले. लिहिणारा त्यांच्या नवऱ्याबरोबर मागावर काम केलेला माणूस होता. त्याने लिहिलं होतं की दोन साल झाले, छातीच्या आजाराने ते गेले. तेव्हा पत्ता सापडला नव्हता. आता खोली सोडताना त्यांच्या ट्रंकेत जुनं पत्र मिळालं, त्यावरून कळवतो आहे. शेवटी त्याने माफी मागितली होती.

मी वर पाहिलं तेव्हा काकू माझ्याकडेच बघत होत्या. किती वेळ बघत होत्या कोण जाणे.

"शेवटपर्यंत वाचलंत?"

"हो."

"मग मोठ्याने नका वाचू."

"काकू..."

"तुम्ही वाचलं नाहीत आणि मी ऐकलं नाही. वंदनाला तर काहीच सांगायचं नाही. तिचं लग्न होईस्तोवर हे घर असंच चाललं पाहिजे." त्यांनी खळीत बोट बुडवलं आणि कागदाची कड दाबून बसवली. "तो कागद तुमच्या पुस्तकांत टाका. माझ्या घरात नको."

मी टाकला. तिथे बसून राहायला हवं होतं, असं आज वाटतं. तेव्हा मी माझ्या खोलीत गेले आणि दार ओढून घेतलं. भिंतीपलीकडून कात्रीचा आवाज येत होता. तो संध्याकाळपर्यंत थांबला नाही. रडण्याचा आवाज मी ऐकला नाही, त्या दिवशी नाही आणि नंतरही नाही.

एक बदल मात्र झाला. काकू करंड्यातलं कुंकू लावायच्या, ते बंद झालं आणि त्या पाकिटातली टिकली लावू लागल्या. बायकांनी विचारलं तर म्हणत, "कुंकवाने कपाळ चिघळतं." दिवेलागणीला दार लावलं की त्या टिकली काढून आरशाच्या कडेला चिकटवून ठेवत आणि सकाळी पुन्हा कपाळावर घेत. एकदा मी ते बघितलं. त्या सहज म्हणाल्या, "कुंकू पुसावं लागतं बाई. हिला नुसतं काढून ठेवता येतं." त्या घरात त्यांनी एवढाच शोक केला.

बाशिंगं चालूच राहिली. मला वाटे, काकू मनातून हे सगळं मानत नसाव्यात. तसं नव्हतं. लग्न झालेली एखादी मुलगी माहेरपणाला आली की काकू काहीतरी निमित्त काढून तिच्या घरी जात. कधी उसना डिंक मागायला, कधी सुई मागायला. मी एकदा बरोबर होते. मुलगी पाणी घेऊन आली तेव्हा काकूंनी तांब्याकडे बघितलंच नाही, तिच्या हातांकडे बघितलं. दोन्ही हातांत हिरव्या बांगड्या होत्या. मग त्यांनी पाणी घेतलं.

वंदनाचं लग्न ठरलं तेव्हा ती एकोणीस वर्षांची होती. मुलगा विक्रमगडकडचा, ग्रामसेवक होता. कन्यादान मामा-मामी करणार होते. वंदना माझ्याजवळ येऊन बसली आणि म्हणाली, "बाई, पेपरात छापून दिलं तर बाबांना कळेल का हो?" मी म्हटलं, "बघू." हे उत्तर मी मुलांना देते, ज्या गोष्टी होणार नसतात त्यांच्यासाठी.

लग्नाच्या चार दिवस आधी वंदना मामीबरोबर बांगड्या भरायला गेली होती. काकूंनी मला आत बोलावलं आणि कडी लावली. जमिनीवर पुठ्ठा, कागद, बेगड, रंगाच्या वाट्या, सगळं मांडून ठेवलं होतं. त्या स्वतः भिंतीला टेकून, हात पदराखाली घेऊन बसल्या.

"तुम्ही करा," त्या म्हणाल्या. "मी सांगते."

"मला कधी सरळ रेघ मारता आलेली नाही, काकू."

"वाकडी मारा. पण तुम्ही मारा."

"इतक्या जणींची केलीत ना? कुणाचं काही वाईट झालं?"

"नाही झालं. मी बघून आलेय सगळ्यांना. लोकांच्या पोरींच्या बाबतीत मी धीर केला, बाई. त्याचं पाप असेल ते माझं मी बघीन. पण ही पोटची आहे. हात उचलतच नाही."

दुपारभर मी ते बाशिंग केलं. काकू तिथून सांगत होत्या. "खळ कमी... अहो, पुसून घ्या ती... राघूची मान बारीक हवी, कावळा झालाय तुमचा." मधेच त्यांचा उजवा हात पदराबाहेर येई आणि त्या तो परत आत ओढून घेत. चमकी टाकताना मी श्वास रोखला, पण चिमूट एकदम सुटली आणि एका पंखावर ढेकूळ पडलं, दुसरा कोराच राहिला. "असू द्या," त्या म्हणाल्या. "आता डोळा काढा आणि सोडा त्याला." डोळा काढताना रंग ओघळला. बाशिंग एका अंगाला तिरपं झालं होतं. काकू ते बघत राहिल्या. चाळीस कोसांत जिच्या हातच्या नक्षीचं नाव होतं तिच्या मुलीच्या कपाळाला ते बांधलं जाणार होतं.

मांडवात व्हायचं ते झालं. मामी मोठ्याने म्हणाली, "यमुनावन्सं, लोकांची एवढी नक्षीची करता, आणि पोरीचं असं?"

"डोळ्यांनी दगा दिला," काकू म्हणाल्या.

वंदना ऐकत होती. तिने आरशात एकदा पाहिलं आणि मान खाली घातली. मंगलाष्टकांच्या वेळी काकू मांडवात नव्हत्या. चुलीपाशी भाताकडे बघत बसल्या होत्या. मी शेजारी उभी होते. अक्षता पडल्याचा आवाज आला तेव्हा त्यांनी फक्त विचारलं, "झालं?"

त्यानंतर मला वाटलं होतं की त्या वंदनाला सांगतील. लग्न झालं होतं, मुदत संपली होती. मी एकदा विषय काढला. "आता तिला सासरी जाऊन काय म्हणून सांगू?" त्या म्हणाल्या. "की तुझ्या लग्नात आईने खोटी टिकली लावली होती?" पुढे माझी वाड्याला बदली झाली. मी दिवाळीत आणि मे महिन्यात येत राहिले. बाजारात तयार, थर्माकोलची बाशिंगं आली आणि काकूंकडची गर्दी कमी झाली, पण जुनी माणसं येत राहिली. काकूंच्या बोटांच्या रेघांत चमकी कायमची बसली होती. भाकरी थापताना ती पिठात चमके.

त्या गेल्या तेव्हा पाऊस लागला होता. चार दिवसांच्या तापाने गेल्या. मी वाड्याहून पोचेपर्यंत आळीतल्या बायकांनी त्यांना न्हाऊ घालून हिरवं लुगडं नेसवलं होतं, ओटी भरली होती, मळवट भरला होता. करंड्यातलं कुंकू त्या कपाळावर अकरा वर्षांनी लागलं होतं. एक म्हातारी म्हणाली, "भाग्याची. सवाष्ण गेली." बायका एकेक करून त्यांच्या पाया पडत होत्या आणि ते कुंकू आपल्या कपाळाला लावत होत्या. मी दारात उभी होते. खरं काय ते त्या खोलीत मला एकटीला माहीत होतं. माझी पाळी आली तेव्हा मीही वाकले.

दहाव्याला सगळे घाटावरून परत आल्यावर वंदना माझ्या जुन्या खोलीत येऊन बसली. तिला आता दोन मुलं होती. मग म्हणाली, "बाई, आईला मी कधी विचारलं नाही. तुम्हाला विचारते. माझंच बाशिंग तेवढं तसं का होतं? मी काही चुकले होते का?"

सात वर्षं ती हे मनात घेऊन राहिली होती. मी तिला सगळं सांगितलं. पत्राचं सांगितलं, टिकलीचं सांगितलं, ते बाशिंग कुणी केलं आणि का केलं ते सांगितलं. सांगताना मला वाटत होतं की मी तिला तिची आई परत देते आहे. ती ऐकत राहिली.

"म्हणजे मी पंधरा वर्षांची होते, तेव्हाच तुम्हाला दोघींना ठाऊक होतं," ती म्हणाली.

"हो."

बाहेर कुणीतरी भांडी आवरत होतं. वंदना उठली, खिडकीशी गेली आणि माझ्याकडे पाठ करून उभी राहिली.

"लग्न झाल्यापासून मी दर दिवाळीला बाबांसाठी एक शर्ट घेऊन ठेवते," ती म्हणाली. "आले तर असावा म्हणून. ट्रंकेत आहेत सगळे, घडीसुद्धा मोडलेली नाही. आता कुणाला तरी देऊन टाकायला हवेत. कुणाला होतील देव जाणे. मला बाबांचं माप कुठे आठवतंय, बाई. मी अंदाजानेच घेत होते."