पहिलीचं कमी करायचं नाही

“अन्न, वस्त्र आणि...” असं म्हणत मास्तर एकेक बोट वर करायचे. तिसऱ्या बोटाशी आले की खोकायचे. तिसरं काय, ते त्यांच्या तोंडून कधी निघालं नाही.

स्वातंत्र्याच्या आधीची दोन-तीन वर्षं मी राहात्याजवळच्या एका गावात शाळेवर होतो. शेजारच्या खोलीत हे राहत. कॅथलिक मिशनचे प्रचारक. गाव त्यांना मास्तर म्हणे आणि मला गुरुजी, म्हणून घोटाळा होत नसे.

बोटांवर मोजायचा त्यांचा तो नियम बायबलच्या जुन्या करारातला, मोशेच्या काळचा. विकत आणलेल्या दासीला बायको केली आणि पुढे दुसरी आणली, तरी पहिलीच्या तीन गोष्टी कमी करायच्या नाहीत. तिसरी कोणती, हे मी त्यांचं पुस्तक चाळलं तेव्हा कळलं: शेजेचा हक्क. मग मीही खोकलो.

“पण मास्तर, देवानं दोन बायका चालवूनच कशा घेतल्या?” मी एकदा टोकलं.

“लेकरू रांगतंय तोवर बाप त्याला पळ म्हणत नाही, गुरुजी. आधी उभं करतो. एकाला एकच, हे येशूनं पुढं सांगितलं. पण त्या आधीसुद्धा दासीची भाकरी देवाच्या ध्यानात होती, हे बघा की.”

मी गेलो त्याच साली गावातल्या एका बागायतदारानं मूल नाही म्हणून दुसरं लग्न केलं. पहिली बायको गोठ्यालगतच्या पडवीत गेली. तिला भाकरी सगळ्यांच्या मागून, तीही उरली तर. ती पाण्याला आमच्या दारावरूनच जाई. चार दिवस मास्तरांना घास गोड लागला नाही. पाचव्या दिवशी म्हणाले, “चला गुरुजी.” मी बिचकतच गेलो, ते घर काही त्यांच्या मिशनचं नव्हतं.

“तुमचं पुस्तक आमाला कशाला?” बागायतदार म्हणाला.

“राहू दे पुस्तक. नवा बैल घेतलास म्हणून जुन्याची वैरण तोडलीस का?”

“न्हाई.”

“मग झालं तर!” मास्तर खूश झाले. एवढ्यात पडवीतून आवाज आला, “मी बैल हाय व्हय, मास्तर?”

मास्तरांचा चेहरा पडला. ते उठले, पडवीपाशी गेले आणि सगळ्यांदेखत हात जोडले. “चुकलं, बाई. तुम्हालाच आधी विचारायला पाहिजे होतं. तुमचं काय म्हणणं आहे?”

असं तिला त्या घरात कोणी विचारलं नसावं. ती पडवीतून पुढे आली. मग म्हणाली, “माझी खोली मला द्या. पंगतीला माझं ताट मांडा. आन् वांझ म्हनू नका. थोरली म्हना.”

बागायतदार खाली मान घालून पागोट्याची गाठ चाचपत राहिला. बोलली ती धाकटी, दाराआडून: “खोली मी आजच मोकळी करते, बाई. मला तिथं झोपच लागत न्हाई.”

त्या दिवशी ताट मांडलं गेलं. सगळं एका दिवसात सरळ झालं असं नाही, पण हळूहळू गावही तिला थोरली म्हणू लागलं.

दोन वर्षांनी मिशननं मास्तरांना पाथर्डीकडे पाठवलं. निघताना त्या दोघी आल्या. धाकटीचं तान्हं थोरलीच्या कडेवर होतं. मास्तरांनी ते घेतलं, तर त्यानं त्यांच्या गळ्यातला क्रूस मुठीत धरला तो सोडेचना. गाडीवान खोळंबला. शेवटी थोरलीनं हसत हसत त्याचं एकेक इवलं बोट उलगडलं, आणि मास्तर मान पुढे करून, अजिबात घाई न करता, तसेच उभे राहिले.